जिन्याच्या दाराला टेकवलेला सिलिंडर

मंडळी, हे जरा वाचा.

आज दुपारी आमच्या गोत्री भागातल्या सोसायटीत खाली मीटर रूमला आग लागली. सहाव्या मजल्यावर आम्ही घराचं दार उघडलं तर लॉबीभर धूर! जिन्याचं जाडजूड फायर डोअर सताड उघडं होतं, म्हणून धूर सरळ आत शिरला होता.

ते दार आपोआप बंद होतं, पण जोरात आपटतं. दुपारची झोप मोडते म्हणून समोरच्या हंसाबेननी त्याला गॅसचा सिलिंडर टेकवून ठेवला होता. पाइपचा गॅस आल्यापासून तो त्यांच्या घरात नुसता पडून होता. भरलेला! आम्ही रोज बघत होतो. झोप आम्हालाही शांत लागत होती.

आईने नाकाला पदर लावला. मी खोकत खोकत सिलिंडर घरात ओढला. दार धाडकन आपटलं आणि धूर यायचा थांबला.

आग विझल्यावर सिलिंडर हंसाबेनना परत दिला. "ध्यान राखीश, बेन," म्हणजे यापुढे काळजी घेईन, असं त्या म्हणाल्या.

संध्याकाळपासून जिन्यावरून माणसांची ये-जा चालू आहे. दार एकदाही आपटलेलं नाही. उठून बघायचा धीर होत नाहीये.

तुमच्या जिन्याचं दार आज आपटलं का?