किरणोत्सवाचं तीर्थ

मी बाराखडी पत्रकांवर शिकले. बाबा पत्रकं वाटायचे आणि उरलेल्या गठ्ठ्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी गिरवायचे. माझा 'नि' निषेधाचा, 'धि' धिक्काराचा. त्यामुळे काकूच्या विहिरीचा प्रश्न उभा राहिला तेव्हा काय करायचं, हे मला कुणी सांगायची गरज पडली नाही.

झालं असं की गावात एक सरकारी जीप आली. टिकटिक करणारं यंत्र घेऊन माणसं उतरली, त्यांनी काकूच्या शेताच्या धुऱ्यावर बोअर पाडलं, विहिरीतलं बाटलीभर पाणी घेतलं, बोअरला सिमेंटचं टोपण बसवलं आणि एक शब्द न बोलता ती निघून गेली. संध्याकाळपर्यंत गावानं शोध लावला : जमिनीत अणुबाँबचं सामान आहे आणि पाण्यात किरणं उतरलीत.

"तुमची म्हैस अंधारात चमकायली म्हणं," शेजारी काकूला म्हणाला.

"चमकू दे की. लाईट गेल्यावर कामी येईल."

काकू असं म्हणाली खरी, पण विहिरीचं पाणी तिनं तोंडाला लावणं सोडलं. गुडघ्यावर हात टेकत, वाटेत बसत ती गावाच्या दुसऱ्या टोकाच्या हापशावरून घागर आणू लागली.

मी तालुक्याच्या साहेबांकडे गेले. पाण्यात काय निघालं, एवढंच विचारलं.

"ते खातं वेगळं आहे, ताई. अणूचा विषय नाजूक असतो."

"काकूचे गुडघेपण नाजूक आहेत, साहेब."

"अर्ज करा."

"केलाय."

"मग वाट बघा."

माझ्या घराण्यात वाट बघायची पद्धत नाही. मी त्याच दिवशी पत्रक लिहिलं : 'किरणोत्सर्गाची माहिती मिळालीच पाहिजे! सर्वांनी शनिवारी संध्याकाळी मारुतीच्या पारावर यावे.' गंगाखेडच्या छपाईवाल्याला मजकूर फोनवरून पाठवला. त्या भल्या माणसानं माझं शुद्धलेखन सुधारलं. गठ्ठा आला तो मी न उघडताच वाटायला दिला आणि एक प्रत साहेबांनाही पाठवली. पत्रकावर छापलं होतं, 'किरणोत्सवाची माहिती मिळालीच पाहिजे!' 'र्ग' गेला, 'व' आला आणि आंदोलनाची जत्रा झाली.

माझ्या सभेला एवढी गर्दी कधीच झाली नव्हती. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या. भजनी मंडळ टाळांसकट हजर. मावळतीची किरणं देवाच्या पायावर पडणार म्हणून सगळे मारुतीकडे बघत बसलेले. मारुती दक्षिणमुखी, वर लिंबाची दाट सावली. एकानं घरून आरसा आणला होता, किरणं चुकलीच तर वळवता यावीत म्हणून. आणि पहिल्या ओळीत बायकोसह, हातात नारळ घेऊन, तालुक्याचे साहेब!

मी माईकवर ओरडले, "हा उत्सव नाही, उत्सर्ग आहे!"

"ते आरती झाल्यावर सांग, बाई," मागून कुणीतरी म्हणालं.

तेवढ्यात काकू तांब्याचं पंचपात्र घेऊन पुढं आली. "साहेब, तीर्थ घ्या."

साहेबांनी भक्तिभावानं तळहात पुढं केला. काकूनं पळीभर पाणी ओतलं आणि मग सांगितलं, "माझ्या विहिरीचं हाय. तुमी बोअर पाडलं न्हाई का, तिथलं."

हात तोंडापाशी जाता जाता थांबला. तीर्थ सांडावं, तर समोर मारुती, सगळं गाव आणि बायको. प्यावं, तर अणूचा विषय.

"चांगलं हाय का न्हाई तेवढं सांगा, मंग प्या," काकू म्हणाली. "मला घाई न्हाई."

"अहो, विचारा ना कुणाला तरी!" साहेबांची बायको दबक्या आवाजात म्हणाली.

साहेबांनी डाव्या हातानं फोन लावला. मी त्याचा स्पीकर चालू केला आणि माईक धरला.

"ती विहीर होय?" पलीकडचा आवाज पारभर घुमला. "तिचा रिपोर्ट केव्हाच आलाय. नेहमीसारखं पाणी आहे."

"मग गावाला कळवलं का नाही?" साहेबांनी विचारलं.

"तुम्ही तरी कधी विचारलंत?"

टाळ वाजले. साहेबांचे कान लाल झाले, बोटांतून पाणी गळायला लागलं होतं. त्यांनी उरलेलं पिऊन टाकलं आणि ओला हात डोक्यावरून फिरवला.

मी मात्र चिडलेलीच होते. साहेब पाणी प्यायले म्हणून पाणी चांगलं ठरत नाही. ते तपासून काय निघालं, हे ज्याला प्यायचंय त्याला वाचता आलं पाहिजे, आणि त्यासाठी कुणाच्या हातावर तीर्थ घालायची पाळी येऊ नये. तसं मी बोलूनही दाखवलं.

"आगं, बायकूसमोर प्यालाय," काकू म्हणाली. "याहून मोठा कागद कोणता?"

"मग आजपासून तू पिणार?"

काकूनं पंचपात्रात बघितलं. "कागद येऊ दी," ती हळूच म्हणाली.

कागद आला. आता साहेबांनाच तो लवकर हवा होता. तो होता इंग्रजीत. मी मराठी करून पंचायतीच्या भिंतीवर लावला, या वेळी अक्षर न् अक्षर तपासून. काकूनं तो विहिरीच्या काठावर बसून माझ्याकडून पुरा वाचून घेतला. 'किरणोत्सर्ग मर्यादेत आहे' या ओळीला तिनं मान डोलावली.

"मर्यादेत हाय म्हंजी चांगल्या घरचा दिसतो."

मग तिनं पोहरा सोडला, पाणी वर ओढलं आणि तांब्या भरून माझ्यापुढं धरला.

"आदी तू पी. कागद कागद तूच करायलीस."

मी प्यायले. तिनं माझ्या तोंडाकडं जरा वेळ निरखून बघितलं, आणि मग घागर भरायला घेतली.