मागच्या दाराचं कुलूप

निवृत्ती जवळ आली असताना माझ्याकडे नर्सिंग होम तपासायचं काम आलं. दिवसभर जिने चढायचे, ऑक्सिजनचे सिलिंडर बघायचे आणि कुणाच्या तरी नजरेत वाईट ठरायचं. संध्याकाळी गुडघे बोलायला लागत.

रत्नागिरीच्या कडेला एक निवृत्त परिचारिका म्हाताऱ्या रुग्णांसाठी छोटं नर्सिंग होम चालवायची. जागा स्वच्छ होती. अंथरुणांना वास नव्हता, प्रत्येकाची नखं कापलेली होती. फक्त मागच्या दाराला आतून भलंमोठं कुलूप होतं.

"हे काढा. आग लागली तर माणसं बाहेर कशी पडणार?"

"मॅडम, काढलं की तांडेल जातात." तिनं खिडकीशी बसलेल्या म्हाताऱ्याकडे बोट केलं. पूर्णगडचे, सगळा जन्म होडीवर काढलेले. आता स्वतःचा मुलगाही ओळखू येत नव्हता. भरती तेवढी कळायची.

माझ्याकडे बघून ते म्हणाले, "बाय, दार उघड गो. होडी सुटंल."

मी नोटीस दिली. दुसरं काही करता येत नव्हतं.

कुलूप निघालं आणि त्याच आठवड्यात तांडेल नाहीसे झाले. सापडले मिरकरवाड्याच्या बंदरात, मासळीच्या लिलावाच्या गर्दीत. कोळणींनी त्यांना चहा पाजून उलट्या क्रेटवर बसवून ठेवलं होतं.

परिचारिकेचा फोन आला. आवाजात राग नव्हता. "आता काय करू ते सांगा. तुमचा कायदा येणारे का रात्री जागायला?"

"कुलूप मात्र लावू नका," एवढंच मला सुचलं.

फेरतपासणीला गेले तर दाराला साधी कडी होती, कडीला घंटा बांधलेली आणि शेजारी तिची स्वतःची खाट. डोळे सुजलेले होते. "जरा वारा आला तरी वाजते," ती म्हणाली. बाई मिळते का दारावर बसायला, म्हणून तिनं खूप शोधलं होतं. कुणी टिकलं नव्हतं. मी 'समाधानकारक' असा शेरा लिहिला. लिहिताना बरं वाटलं नाही.

पुढच्या वर्षी तिनं नोंदणी परत केली. तांडेलांना सून पूर्णगडला घेऊन गेली, बाकीचे जिथं जागा मिळाली तिथं गेले. बंद झाल्याची खात्री करायला मलाच जावं लागलं.

"मला झोप हवीय, बाकी काही नाही," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "पेज घेणार?"

रिकाम्या खाटांच्या मधे बसून आम्ही दोघींनी पेज खाल्ली. दोघींनाही उठवत नव्हतं.