वर मूळ, खाली फांद्या

अमळनेरच्या एसटी स्टँडवर जळगावच्या गाडीची वाट बघत बसलो होतो. खिशात बायकोचा मोबाइल. ती गेली, आता मोबाइल कोणाला? मुलगा म्हणाला, नाना, नंबर बंद करून या.

शेजारी एक पोरगी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेली. पडद्यावर बोट ठेवून ओळ न् ओळ वाचायची, मधेच नाक मुरडायची. मग कागदावर चित्र काढलं. वर एक गोळा, खाली फांद्या.

"पोरी, हाई झाड उलटं शे."

"आमच्यात मूळ वरच राहतं, नाना," ती हसली. म्हणाली, कॉम्प्युटर ज्याच्यावर चालतो त्याचा हा अगदी आतला कोड. दुसऱ्याने लिहिलेला, ती तपासते. कोडची भाषा अशी की बऱ्याच चुका होऊच देत नाही.

"मग तुझं काय काम?"

"काही जागी लिहिणारा भाषेला म्हणतो, इथे मला अडवू नको. तिथेच मी बघते. फांदी काढायच्या आधी तिला अजून कोणी धरलंय का, ते बघायचं. याने बघितलंच नाही." तिने कोड परत पाठवून दिला.

मला रावेरची मेहुणी आठवली. म्हातारीला फोनवरचं एकच बटण ठाऊक, बहिणीला लागणारं.

गाडी लागली. पोरगी चढली, मी घरी आलो.

संध्याकाळी बायकोचा मोबाइल वाजला.

"दाजी, जेवले का?"

म्हटलं, अजून नाही.