तात्यांची न घेतलेली मुलाखत

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही – आईपाशी नाही, नवऱ्यापाशीही नाही. तुम्ही आमच्या कोळवणचे नाही, म्हणून जरा धीर होतोय.

बारावीला मी इतिहास घेतला होता. आवडीने वगैरे नाही. पाठांतर बरं होतं, एवढंच. सरांनी प्रकल्प दिला – एखाद्या म्हाताऱ्या माणसाला गाठा, त्याने पाहिलेला-ऐकलेला काळ त्याच्याच शब्दांत लिहून आणा. माझा माणूस शेजारीच होता. तात्या. त्यांच्या वडिलांचं गाव मुळशी धरणात गेलं होतं. दर उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या घराचं जोतं उघडं पडायचं. तात्या एकटेच जायचे, जोत्यावर नारळ ठेवून परत यायचे.

मी वही घेऊन गेले, तर म्हणाले, "हितं बसून न्हाई सांगता यायचं, पोरी. पाणी उतरू दे. जोत्यावर नेतो तुला, तितं सांगतो समदं."

पाणी उतरणार मे महिन्यात. वही द्यायची जानेवारीत. सरांना तसं सांगता आलं असतं, दुसरं कुणी शोधता आलं असतं. मी काय केलं? – घरी बसून मुलाखत लिहून काढली. पाठ्यपुस्तकातल्या चळवळी होत्याच की हाताशी. तात्यांच्या वडिलांना मी धरणाच्या कामावर आडवं झोपवलं, लाठ्या खायला लावल्या, तुरुंगात धाडलं. 'माझा बाप हटला नाही' असं वाक्य तात्यांच्या तोंडी घातलं. ते लिहिताना मलाच भरून आलं होतं – काय म्हणायचं याला?

सरांना ती इतकी आवडली की प्रजासत्ताक दिनाला तात्यांना कॉलेजात बोलावून शाल दिली, आणि मला मुलाखत सगळ्यांसमोर वाचायला लावली. वाचताना माझं सगळं लक्ष तात्यांकडे होतं. आता तात्या उठतील, म्हणतील, हे मी बोललोच नाही. ते मान खाली घालून बसले. असंच झालं ना, असं सरांनी विचारलं, तेव्हा नुसतं "व्हय" म्हणाले. माझी लाज राखली त्यांनी. आणि मला काय वाटलं? सुटले, असं वाटलं.

मे महिन्यात ते दारात आले. पाणी उतरलंय, चल म्हणाले. मला पुण्याला जायचं होतं – क्लासची चौकशी करायला. ते फाट्यापर्यंत माझ्याबरोबर चालत आले. तिथे उभ्याउभ्या म्हणाले, "माझा बा लढला न्हवता गं. समद्यांच्या आधी गुमान निघून आला हुता. का आला, त्ये तुला–"

तेवढ्यात एसटी आली. आल्यावर ऐकते तात्या, म्हटलं आणि चढले.

आल्यावर मी गेले नाही. तोंड दाखवायची लाज वाटायची, म्हणून त्यांच्या दारावरून जायचं टाळलं, मागच्या बांधावरून ये-जा केली. शेजारी राहून हे किती दिवस जमतं? – जमतं. त्या पावसाळ्यात तात्या वारले.

पुढे त्यांच्या नातवंडांनी घरापुढे कमान बांधली. तिच्यावर पणजोबांचं नाव कोरलंय, नावाआधी 'सत्याग्रही'. खाली माझं वाक्य आहे – तात्यांचं म्हणून. कमानीच्या पूजेला मला मानाने बोलावलं होतं. मी गेले. पेढा खाल्ला.

तो माणूस गुमान का निघून आला होता, हे आता कुणालाच ठाऊक नाही. अजूनही दर मे महिन्यात पाणी उतरतं, जोतं उघडं पडतं. मी एकदाही तिथे गेलेले नाही.