डिकीतलं तांदळाचं पीठ

पाळीच्या आधीचा आठवडा माझ्या अंगात दुसरीच बाई वस्तीला येते. कोथिंबीर संपली म्हणून ती ओट्याशी उभी राहून हुंदके देते, आणि ताटं आपटते. हे नाटक नाही. नाटक मला येतं, त्यामुळे फरक कळतो.

उपाय सांगणारे ढिगाने. नवऱ्याने मोबाइलवर समुद्राचे आवाज लावून दिले. शेजारच्या पंजाबी आंटींनी बडीशेपेचं पाणी पाजलं. शेवटी इथल्या, दिल्लीतल्या सरोजिनी नगरजवळच्या एका डॉक्टरीणबाईंनी नीट ऐकून घेतलं. रोज चालणं, वेळेवर झोप, चहा कमी आणि एक छोटी गोळी. वर म्हणाल्या, "त्या आठवड्यात निर्णय घेऊ नका. पण राग फेकूनही देऊ नका. पाळी येऊन गेली की परत तपासा. तेव्हाही असेल, तर तो तुमचा खरा राग."

परीक्षा लगेच आली. आर. के. पुरमच्या आमच्या क्वार्टरमध्ये दरवर्षी गणपती बसतो आणि घरभर पाहुण्यांचे मोदक मी एकटी वळते. महिनाभर आधी फरीदाबादचे दीर आणि धाकटी जाऊ जेवायला आले, तेव्हा मी म्हटलं, "या वर्षी दोघा भावांनी मोदकांना हात लावायचा."

दीर खो खो हसले. "वहिनी, तारीख जवळ आली वाटतं!"

नवऱ्याने त्यांना टाळी दिली. आणि संताप असा, की तारीख खरंच जवळ आली होती! काही बोलले असते तर त्यांचंच खरं ठरलं असतं. मी चपला घालून कॉलनीला फेऱ्या मारत सुटले.

पाळी आली, गेली. ती दुसरी बाई निघून गेली. कोथिंबीर संपली तरी मी गुणगुणत होते. राग तपासला, तर होता तसा, ताजा, टवटवीत! मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू. दिरांना फोन लावला. आवाजात मध.

"भावोजी, तुमचंच बरोबर. मला ताण झेपत नाही. बाप्पा या वर्षी तुमच्याकडे."

"बिल्कुल! केटरर सांगतो, वहिनी. तुम्ही फक्त सजून या."

सजून गेले. हिरवी पैठणी, नथ, आणि सोफ्याचा मधला भाग. केटररचा डबा उघडला. मोदक वाफाळत होते, सुबक होते आणि सोबत लाल तिखट चटणी होती. आत कोबी. त्या भल्या माणसाने उकडीचे मोदक म्हणून मोमो पाठवले होते!

आरती खोळंबली. दीर घामाघूम. "वहिनी, चला ना किचनमध्ये, प्लीज यार."

"अगंबाई, मला ताण नको! सामान मात्र आणलंय." तांदळाचं पीठ, गूळ, नारळ, खवणी, सगळं आमच्या गाडीच्या डिकीत होतं. दिल्लीच्या केटररवर माझा पूर्ण विश्वास होता.

नवरा नारळ खवत होता. दीर उकड मळताना बोटं झटकत होते. मी सोफ्यावरून ओरडत होते, "पाकळ्या! पाकळ्या कुठायत?" धाकटी जाऊ चहा घेऊन आली आणि म्हणाली, "ताई, जरा सरका." सरकले. इतक्यात एक मोदक फुटला आणि दिरांनी उलथनं भिंतीवर भिरकावलं.

जावेने शांतपणे फुंकर घालून घोट घेतला. "अहो, तारीख जवळ आली वाटतं!"

पाहुणे हसले. नवरा सर्वांत मोठ्याने हसला. मी त्याच्याकडे पाहिल्यावर पुन्हा खवायला लागला.

आता बाप्पा परत आमच्याकडे असतो. तो आठवडा अजून येतो, मी चालते, गोळी घेते, कधी कोथिंबिरीसाठी रडतेही. पण दोघे भाऊ आदल्या संध्याकाळीच खवणीवर हजर असतात. त्यांचे हात मंदावले की मी एक ताट उचलते आणि जरासं जोरात ठेवते. तारीख लांब असते. त्यांना काय माहीत.