एकाच चिठ्ठीवरचे दोन भाऊ

पनवेलच्या एस.टी. स्टँडमागे एक डॉक्टर बसायचे. बाबा आणि काका टीबीच्या गोळ्यांसाठी त्यांच्याकडे जात. त्यांच्याबद्दल काही चांगलं लिहावं म्हणून मी दोनदा कागद फाडला. जमलं नाही. तेव्हा जसं वाटलं तसंच लिहिते.

न्हावा शेवाचं बंदर नुकतंच सुरू झालं होतं. गव्हाणच्या बाजूची बरीच मिठागरं उठली होती, पण हे दोघे भाऊ अजून आमच्या उरलेल्या मिठागरात राबत होते. दोघांना एकाच हिवाळ्यात टीबी निघाला. डॉक्टरांनी दोघांना मिळून एकच चिठ्ठी दिली. वर एकाचं नाव, खाली दुसऱ्याचं, शेजारी मोठा कंस आणि कंसापुढे गोळ्या. तेवढाच एक कागद त्यांनी वाचवला.

तिसऱ्या महिन्यात बाबांच्या तळपायांना मुंग्या यायला लागल्या. मग पाय बधिर झाले. मिठागराचा तळ पायांनीच तुडवून घट्ट करतात, मीठ धरलं की नाही हेही आधी तळव्यालाच कळतं. बाबांना काहीच कळेना. एकदा मिठाच्या खड्याने टाच कापली आणि ते तसेच चालत घरी आले. ओटीवरचं रक्त आईला दिसलं, तेव्हा त्यांनी खाली पाहिलं.

काका मात्र त्याच गोळ्या खाऊन ठणठणीत होते.

"दादा, नाटकं करू नको," ते म्हणायचे. "एका आईचं दूध प्यायलो आपन. मला काय होत नाय, मंग तुलाच कसं व्हतं? गुपचूप घेतोस ना थोडी?"

बाबांनी कधी दारूला हात लावला नव्हता. तरी एका संध्याकाळी, पाणी देण्याच्या निमित्ताने, मी त्यांच्या तोंडाचा वास घेतला. डॉक्टरांचा तिरस्कार करताना मला हे आठवतं, आणि त्यातला थोडा माझ्या वाट्याला येतो.

मी बाबांना घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी खुर्चीतून न उठता त्यांचे पाय पाहिले.

"मिठागरवाला ना? तुमचे पाय असेच असतात. निबर. पितोस किती?"

"नाय पीत, सायेब. मुंग्या येतात. काय लागलं तरी कलत नाय."

"सगळे असंच म्हणतात. भावाला बघ. सेम गोळ्या, सेम डोस. त्याला झालं का काही?"

बाबांपेक्षा वयाने निदान दहा वर्षांनी लहान माणूस होता तो. मी कॉलेजात शिकते, असं काहीतरी ठणकावून सांगायचं मनात होतं. तोंडातून "थँक्यू" निघालं.

परतताना बाबा म्हणाले, "पोरी, उद्यापासून गोली बंद. खोकून मेलो तरी चालंल. पाय गेलं तर करू काय?" आणि खरंच बंद केल्या. वाया कशाला घालवायच्या म्हणून काका त्यांच्या वाटणीच्याही गिळू लागले. वर छाती काढून सांगायचे, "आपलं लिवर बैलाचं हाय!"

त्याच आठवड्यात कॉलेजात सर पिवळ्या पडलेल्या वहीतून यकृताचा धडा उतरवून देत होते. औषध शरीराबाहेर पडण्याआधी यकृतातली एन्झाइम्स त्याचं रूप बदलतात. ही एन्झाइम्स सगळ्यांमध्ये सारखी नसतात. टीबीची एक गोळी काहींच्या शरीरातून भराभर निघते, काहींच्या रक्तात साचते आणि पायांच्या नसा बधिर करते. "हे परीक्षेला येत नाही," म्हणून सरांनी पान उलटलं. माझं पेन तिथेच थांबलं.

तास संपल्यावर मी विचारलं, "सर, सख्खे भाऊ असले तर?"

"सख्ख्या भावांची नाकं सारखी असतात का? आईकडून काय आलं, बापाकडून काय आलं, दोघांची वाटणी वेगळी पडते. शिवाय वय, खाणं, दुसरी औषधं, यानेही फरक पडतो. कोणाला होतंय?"

मी सांगितलं. सरांनी माझ्या वहीत एका जीवनसत्त्वाच्या गोळीचं नाव लिहिलं. "टीबीची गोळी बंद करायची नाही. आजच डॉक्टरांना भेटा."

मी वही उघडी धरूनच दवाखान्यात शिरले. डॉक्टरांनी ती ओळ वाचली आणि त्याच चिठ्ठीवर बाबांच्या नावापुढे तीच उतरवली.

"आम्हाला माहीत असतं हे. मुंग्या येतात म्हणून आधी सांगायचं ना."

"सांगितलं होतं," मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की मलाच जेमतेम ऐकू आला.

त्यांनी बेल वाजवली. "नेक्स्ट."

घरी बाबांना समजवायला पूर्ण रात्र गेली नाही. ती वही पुरली. पोरीने कॉलेजात लिहून आणलंय, एवढ्यावर त्यांनी गोळी तोंडात टाकली. काकांच्या हातातली बाबांच्या गोळ्यांची पुडी मात्र मला ओढून घ्यावी लागली.

दोनेक महिन्यांनी मिठागरात उतरताना बाबा एकदम किंचाळले. खडा टोचला होता. एक पाय वर धरून ते मिठाला, उन्हाला, सगळ्यांना शिव्या घालत होते.

"संपलं वाटतं नाटक," काका बांधावरून म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बाबांच्या शिव्या ऐकत उभी राहिले.