वरच्या मजल्यावर सांगितलेली गोष्ट

आमच्या घरात एक नियम आहे: दारातून आत आलं की मराठी. बाहेर सगळं लखनऊ आहे, शाळेत हिंदी आणि इंग्रजी, मग निदान घरात तरी. नियम मी केला आणि त्याची अंमलबजावणीही मीच करतो. मुलगी सातवीत आहे. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलताना ती हिंदीवर घसरते आणि मी टोकतो.

गेल्या हिवाळ्यात एका दुपारी ती शाळेतून आली तेव्हा मी रजेवर घरीच होतो. बूटही न काढता ती म्हणाली, "बाबा, वो लोग ना, क्लास में..."

"मराठीत सांग."

तिने बूट काढले. "काही नाही," म्हणाली आणि आत गेली.

पुढच्या आठवड्यापासून पोटदुखी सुरू झाली. शाळा असली की दुखायचं, सुटी असली की थांबायचं. मी बँकेत तपासणीचं काम करतो, मला एवढा नमुना पुरतो. पण काय झालं म्हणून विचारलं की उत्तर तेच. काही नाही.

खरं काय ते मला जिन्यात कळलं, वरच्या मजल्यावरच्या वहिनींकडून. त्या नागपूरच्या. त्यांचे यजमान रेल्वेत इंजिनिअर, बरेचदा दौऱ्यावर. अलीगंजमधल्या आमच्या इमारतीत मराठी घरं दोनच, त्यांचं आणि आमचं. भाजीची पिशवी कठड्यावर टेकवून त्या म्हणाल्या, "भाऊजी, रागावू नका जी. पोरगी माझ्याकडे येऊन रडून राहिली. वर्गातल्या पोरींनी तिचे स्टिकर बनवले."

शाळेत राज्याराज्यांचे पोशाख घालायचा कार्यक्रम झाला होता. आम्ही अमीनाबादच्या बाजारातून साडी आणून तिची नऊवारी शिवून घेतली होती. त्या पोशाखातल्या फोटोतून मुलीला कापून काढून तिच्या डोक्यावर लिहिलं होतं, 'पहलवान दीदी', 'धोती वाली'. मोबाईलवरच्या वर्गाच्या ग्रुपवर कुणीही काही विचारलं, की उत्तर म्हणून तो स्टिकर. वर्गात ती उभी राहिली की मागून शड्डू ठोकल्याचा आवाज.

मला वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण त्याच्या आधी वाटलं ते दुसरंच. वहिनींना का सांगितलं? बाप मी आहे. फी मी भरतो, गणित मी शिकवतो, ताप आला तर पट्ट्या मी ठेवतो. आणि गोष्ट सांगितली वरच्या मजल्यावर! बायकोला म्हटलं तर ती म्हणाली, "मलाही नाही सांगितलं. कुणाला तरी सांगितलं, एवढं बरं नाही का?" तिला ते बरं वाटू शकत होतं. मला नाही.

मी ठरवलं, उपाय तरी मी शोधीन, आणि वहिनींच्या आधी शोधीन. संगणकावर बसलो. मराठीत शोधलं तर 'मुलांना कणखर बनवा' अशा धर्तीचे लेख मिळाले, लिहिणाऱ्याचं नाव नाही, तारीख नाही. इंग्रजीत ढीगभर मिळालं, पण बरंचसं परदेशातलं. शाळेतल्या समुपदेशकाकडे जा म्हणे. आमच्या शाळेत त्या नावाची खोली आहे, तिच्यात ढोल ठेवलेले असतात. मी एक तक्ता केला: संकेतस्थळ कोण चालवतं, मजकूर शेवटचा कधी बदलला, दिलेला नंबर लागतो का. चार दिवस मी हेच करत होतो. चहा ठेवता ठेवता बायको म्हणाली, "ऑडिट झालं की सांगा. तोवर पोरगी दहावी होईल."

रविवारी सकाळी मुलगी घरात दिसेना, म्हणून वर गेलो. वहिनींच्या दिवाणावर दोघी मोबाईलमध्ये डोकं घालून बसल्या होत्या. मुलगी मोठ्याने वाचत होती, हिंदीत, आणि मध्येच हसलीही. ते हसू मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. तेही वरच ऐकायला मिळालं.

"या भाऊजी. हे पाहा काय सापडलं," वहिनी म्हणाल्या.

मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेचं पान होतं. मी खुर्चीही न घेता ते तपासायला लागलो. संस्थेचं नाव, पत्ता होता. मजकूर अलीकडचा होता. खाली हेल्पलाइनचा नंबर होता, तो मी तिथल्या तिथे लावला. दुसऱ्या घंटीला एका बाईंनी उचलला. मी "माफ करा, तपासत होतो" म्हणून ठेवला. नंबर लागला याचाच मला राग आला.

मजकूरही चांगला होता. स्टिकर पुसू नका, आधी स्क्रीनशॉट ठेवा. उलट चिडवू नका. ग्रुपमध्ये भांडू नका, वर्गशिक्षिकेला लेखी कळवा. शाळेत कोण सोबत हवं ते मुलालाच विचारा. शेवटी पालकांसाठी वेगळा भाग होता, त्यातली पहिलीच ओळ: बच्चा जब बताए, तो पूरा सुनें. बीच में न टोकें.

मी मोबाईल परत दिला. मुलगी माझ्याकडे बघत होती. तिने ती ओळ माझ्या आधीच वाचलेली असणार.

वहिनींनी विचारलं, "मग शाळेत कोण येणार सोबत?"

"आई और काकू."

"आणि मी?" मी विचारलं.

"आप टोकोगे."

बोललो असतो तर तिचंच खरं झालं असतं. अर्ज मात्र मी लिहिला, स्क्रीनशॉट तारखेनुसार लावले, छापून आणले. जायच्या दिवशी बायको आणि वहिनी ई-रिक्षाने पुढे गेल्या. मुलीला मी स्कूटरवर आणलं, फाटकापाशी सोडलं आणि समोरच्या मूंगफलीवाल्याजवळ उभा राहिलो. आत माझ्या मुलीची गोष्ट चालली होती, ऐकायला शेजारीणही होती, आणि मी शेंगा सोलत होतो.

तिघी बाहेर आल्या त्या हसत. बायकोला तिथून ऑफिसला जायचं होतं, ती गेली. मुलगी वहिनींचा हात धरून काहीतरी भराभर सांगत होती. वहिनींनी हात सोडवून घेतला. "मी रिक्षाने जाते. तू बस बाबांच्या मागे." त्यांच्या या समजूतदारपणाचाही मला हेवा वाटला. मला ते सुचलं नसतं.

चौक ओलांडल्यावर मागून आवाज आला. "बाबा, पता है, मॅम ने सबके फोन से डिलीट करवाया. एकीने सॉरी नहीं बोला. मॅमने तिच्या मम्मीला बुलाया है. और कल मैं जाऊँगी, पहले पीरियड से."

भाषा सगळी खिचडी होती. तोंडाशी आलेला शब्द मी गिळला. मागे हॉर्न वाजत होते, म्हणून स्कूटर कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"मग?" मी म्हटलं.

ती पहिल्यापासून सांगू लागली. वहिनींना हे सगळं माझ्या आधी कळलेलं होतं, हे मला बोचत होतंच. ती सांगत होती आणि मी मान मागे वळवून ऐकत होतो.